घरात एकच कॉम्प्युटर आणि पाच जणं: वेगळे अकाउंट करताना क्रम चुकवू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात विंडोज ११चा एकच कॉम्प्युटर, तुम्ही दोघं, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासरे, सगळे एकाच अकाउंटवर. मुलाला गेमसाठी जागा हवी होती म्हणून त्याने डेस्कटॉपवरचं सगळ्यात मोठं फोल्डर उडवलं, रिसायकल बिनही रिकामं केलं, आणि त्यात तुमचं तीन महिन्यांचं ऑफिसचं काम होतं. आता तुम्ही विचारताय की फोल्डरला पासवर्ड कसा लावायचा, की सरळ वेगवेगळे अकाउंट करावेत, आणि तसं केलं तर कॉम्प्युटर स्लो होईल का.

अकाउंटचं नंतर, आधी गेलेल्या फायलींचं बोलू, कारण त्याला मुदत आहे. खाली उजव्या कोपऱ्यात ढगाचं चिन्ह दिसतंय का बघा. बऱ्याच कॉम्प्युटरवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर आपल्या लक्षातही न येता वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, चढत असतात. तसं असेल तर ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडा, तिथलं रिसायकल बिन वेगळं असतं, कॉम्प्युटरवरचं रिकामं केलं तरी ते तसंच राहतं, आणि घरगुती अकाउंटला डिलीट केलेलं तिथे ३० दिवस मिळतं. त्यामुळे हे उत्तर पुढे वाचायच्या आधी ते बघून या. वनड्राइव्ह चालू नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअर हा एक मार्ग आहे, पण जुनी हार्ड डिस्क असेल तरच थोडी आशा, एसएसडीवर, म्हणजे नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर, डिलीट झालेली जागा विंडोज स्वतःच साफ करायला सांगतं, तिथे बहुतेकदा हाती काही लागत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लपवायचं कसं ते विचारताय, पण मुलाने तुमचं काही चोरून बघितलेलं नाही, त्याने ते पुसलंय. आणि पुसता आलं, कारण त्या एका अकाउंटवर जो कोणी बसेल तो अख्ख्या कॉम्प्युटरचा मालक होतो. मी गेली पंधरा-सोळा वर्षं लोकांच्या घरचे आणि छोट्या ऑफिसातले कॉम्प्युटर लावून देते, आणि 'फाइल गायब', 'कुठलं तरी टूलबार आपोआप आलं', 'माझ्या नावाने कोणीतरी मेसेज पाठवला' अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेकदा हेच निघतं, सगळेच मालक.

फोल्डरला पासवर्ड लावायची सोय विंडोजमध्ये मुळात नाहीच. त्यासाठी जी वेगळी सॉफ्टवेअर मिळतात ती मी कोणाला सुचवत नाही. काही नुसतं फोल्डर लपवतात, काही फायली स्वतःच्या पद्धतीने बांधून ठेवतात आणि मग ते सॉफ्टवेअर उडालं किंवा पासवर्ड विसरला की तुमच्याच फायली तुम्हाला मिळत नाहीत. वेगळे अकाउंट करणं हेच बरोबर. पण ते 'प्रत्येकाच्या नावाचं एकेक' इतकं करून थांबलात तर निम्मंच काम होतं, कारण अकाउंट दोन प्रकारचे असतात, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड, आणि खरा फरक तिथे पडतो. अ‍ॅडमिनला कुठलंही सॉफ्टवेअर टाकता येतं, दुसऱ्याचा पासवर्ड बदलता येतो, दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरता येतं. स्टँडर्डवाल्याला स्वतःच्या घरापुरतं सगळं करता येतं, बाकी ठिकाणी विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं.

ही सगळेच मालक असायची सवय आपल्याला जुन्या विंडोजने लावलीय. विंडोज ९५ला लॉगिनचा चौकोन यायचा पण एस्केप दाबलं की आत, म्हणजे तो नुसता नावापुरता. २००१ साली एक्सपी आलं तेव्हा खरे अकाउंट घराघरात आले, पण सुरुवातीला बनवलेले अकाउंट अ‍ॅडमिनच असायचे आणि कोणी ते बदलायचं नाही. मग व्हिस्टापासून तो स्क्रीन काळवंडून 'या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का' विचारणारा चौकोन सुरू झाला. तो चौकोन अ‍ॅडमिन अकाउंटवर फक्त हो की नाही विचारतो, स्टँडर्ड अकाउंटवर मात्र पासवर्ड मागतो. एका घरी मी बसले होते, साधारण तुमच्या मुलीच्या वयाचा मुलगा एक गेम टाकत होता. स्क्रीन काळवंडली, चौकोन आला, आणि तो पूर्ण दिसायच्या आत त्याने 'येस' दाबलं. मी विचारलं, काय लिहिलं होतं रे त्यात? तर म्हणाला, "काही नाही, ते येतंच नेहमी." त्याचं काही चुकलं नाही हो, ज्या दाराला नुसतं ढकललं की उघडतं ते दार आहे हेच मुलांच्या लक्षात राहत नाही. पासवर्ड मागितला की मात्र ते उठून तुमच्याकडे येतात, आणि ते जे दोन मिनिटांचं बोलणं होतं, हे काय आहे, कुठून घेतलंस, कशाला हवंय, तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की अ‍ॅडमिन हे माणसाचं अकाउंट नसतंच, ते किल्ल्यांचा जुडगा असतं. त्याला मी 'घर' किंवा 'देखभाल' असं नाव देते, त्यात रोजचं काम कोणीच करत नाही, आणि घरातली मोठी माणसंसुद्धा, म्हणजे तुम्हीसुद्धा, स्टँडर्डवर बसता. हे ऐकून लोक जरा दुखावतात, माझ्याच कॉम्प्युटरवर मी दुय्यम का म्हणून. पण मेलमधून आलेली एखादी वाईट फाइल तुमच्या हातून उघडली जाणं काही अशक्य नाही, आणि ती ज्या अकाउंटमध्ये उघडते त्याच्याइतकीच ताकद तिला मिळते. स्टँडर्डवर रोज अडेल असं वाटतं तेवढं अडतही नाही, ब्राउझर, प्रिंटर, वायफाय, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप, विंडोजचे अपडेट हे सगळं चालतं. पहिले दोन आठवडे पासवर्डसाठी हाका येतात, मग कमी होतात.

आता क्रम, कारण इथेच लोक घोटाळा करतात. सगळ्यांची नवीन अकाउंट बनवून जुन्यातून फायली हलवत बसू नका. जुन्या अकाउंटमध्ये कोणाचा पसारा जास्त आहे ते बघा, तुमच्या वर्णनावरून तो तुमचाच दिसतोय, तर ते अकाउंट तुमचंच राहू द्या. सगळ्यात आधी महत्त्वाचं सगळं एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर यूजर्स, तिथे अ‍ॅड अकाउंट. तो ईमेल विचारेल, तिथे 'माझ्याकडे या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही' या अर्थाची ओळ असते ती दाबा, पुढच्या पानावर 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडा' असं येतं, ते घ्या. हे झालं तुमचं देखभालीचं अकाउंट. नवीन अकाउंट नेहमी स्टँडर्डच बनतं, म्हणून यादीत त्याच्यावर क्लिक करून चेंज अकाउंट टाइपमध्ये त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. मग जुन्यातून साइन आउट करून या नव्या अकाउंटने एकदा आत जा, पासवर्ड नीट चालतोय ना बघा, आणि तिथे बसून तुमचं जुनं अकाउंट स्टँडर्ड करा. ही शेवटची पायरी कधीच आधी करू नका. एकमेव अ‍ॅडमिनला विंडोज खाली उतरू देत नाही हे खरं, पण नव्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाइप करताना चुकला असेल आणि जुनं आधीच उतरवलं असेल तर तुम्ही दाराबाहेर. तो पासवर्ड कागदावर लिहा आणि घरातल्या दोन मोठ्या माणसांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं सगळे सांगतात, ऑफिसात ते बरोबरच आहे, पण घरात पासवर्ड चोरीला जाण्यापेक्षा विसरला जाण्याचेच प्रसंग मी जास्त पाहिलेत.

एक बारीक गोष्ट. असं लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवायचं, अकाउंट बनवताना विंडोज तीन सुरक्षेचे प्रश्न विचारतं, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव वगैरे. याची खरी उत्तरं घरातल्या प्रत्येकाला माहीत असतात! चौदा वर्षांच्या मुलाला तर नक्कीच. तिथे मुद्दाम भलतीच उत्तरं द्या आणि तीही त्याच कागदावर लिहून ठेवा.

मग बाकीच्यांचे अकाउंट, सगळे स्टँडर्ड. सासऱ्यांचं स्वतः त्यांच्या शेजारी बसून लावा. अक्षरांचा आकार, माऊसचा बाण, कीबोर्डची भाषा या गोष्टी प्रत्येक अकाउंटच्या वेगळ्या असतात, तेव्हा त्यांच्याकडे सगळं मोठं, मराठी कीबोर्ड पहिला, डेस्कटॉपवर त्यांना लागतात तेवढीच चार चिन्हं. मी पाहिलंय की ज्यांना आपण 'त्यांना कॉम्प्युटर जमत नाही' म्हणतो त्यांना खरं तर दुसऱ्याच्या पसाऱ्यात आपली वस्तू सापडत नसते. लॉगिनला त्यांना पिन द्या, तो फक्त त्या एका कॉम्प्युटरपुरता चालतो, त्यामुळे कोणी बघितला तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यांचा मेल काही उघडत नाही.

मुलांचं तुमच्यावर अवलंबून आहे, म्हणजे तुम्हाला नुसतं वेगळं अकाउंट हवंय की वेळेचं आणि साइटचं बंधनही. बंधन हवं असेल तर मायक्रोसॉफ्टची फॅमिली सोय वापरता येते, पण त्यासाठी मुलाचं आणि तुमचं दोघांचंही मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, आणि साइट गाळायचं काम ती एज ब्राउझरमध्येच करते. नऊ वर्षांच्या मुलीसाठी मी ते लावेन. चौदाच्या मुलासाठी लावायचं झालं तर त्याला सांगून, त्याच्यासमोर बसून लावेन, कारण न सांगता लावलेलं त्याला दोन दिवसांत कळतं आणि मग सगळी हुशारी ते चुकवण्यात जाते. खरं तर त्याच्याकडून झालेली ही चूकही त्याला सांगा की तू कोणाच्या वस्तूंमध्ये होतास ते तुला दिसतच नव्हतं, आता दिसेल.

आता डी ड्राइव्ह, कारण इथे जवळजवळ प्रत्येक घर फसतं. तुम्ही लिहिलंय की फोटो आणि जुनी कामं 'सेफ म्हणून' डी ड्राइव्हवर आहेत. प्रत्येक अकाउंटची जी भिंत असते ती सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरच्या आत असते, तिथे तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये, दुसरा स्टँडर्ड यूजर येऊ शकत नाही. डी ड्राइव्ह मात्र उघडं अंगण आहे. ते साधं फॉरमॅट केलेलं असतं तेव्हा कॉम्प्युटरवर लॉगिन होणाऱ्या कुणालाही तिथलं वाचता, बदलता आणि पुसताही येतं. म्हणजे तुम्ही पाच अकाउंट बनवलेत, सगळे स्टँडर्ड केलेत, आणि काम डी ड्राइव्हवर ठेवलंत तर आज जे झालं ते उद्या पुन्हा होऊ शकतं. शिवाय मुलाच्या अकाउंटमध्ये एखादी फायली लॉक करणारी व्हायरसची फाइल उघडली तर ती त्याच्या फोल्डरबरोबर डी ड्राइव्हवरचं सगळंही घेऊन जाईल, तुमच्या डॉक्युमेंट्सना हात लावू शकणार नाही. तेव्हा चालू काम स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्ये आणा. सी ड्राइव्हवर जागा नसेल तर डी ड्राइव्हवर तुमच्या नावाचं फोल्डर करा, प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे वरून आलेल्या परवानग्या तोडा, तोडताना त्या कॉपी करून ठेवायच्या का विचारेल तेव्हा हो म्हणा, आधी तुमच्या नावाला फुल कंट्रोल द्या आणि मगच यादीतून 'यूजर्स' आणि 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' ही दोन नावं काढा. सिस्टम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना हात लावू नका. हे पहिल्यांदा एखाद्या रिकाम्या फोल्डरवर करून बघा, मुलाच्या अकाउंटमधून ते उघडून बघा, नकार आला की मगच खऱ्या फायली आत टाका. बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिथे अशा परवानग्या ठेवायची सोयच नसते, त्यामुळे बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात.

सगळ्यांचे म्हणून जे फोटो आहेत ते मात्र उघड्यावरच हवेत, नाहीतर दर वेळी पेन ड्राइव्हने इकडून तिकडे चालू होतं. त्यासाठी यूजर्समध्ये पब्लिक नावाचं फोल्डर असतंच. तिथे फाइल टाकताना कट करून टाकू नका, कॉपी करा, कारण हलवलेल्या फाइलला कधीकधी जुन्या जागेची परवानगी चिकटून राहते आणि मग बाकीच्यांना ती दिसते पण उघडत नाही. आणि मूळ प्रत कोणातरी एकाकडे ठेवा, पब्लिकमधली पुसली जाऊ शकते हे धरूनच चाला.

ब्राउझरचं लोक विसरतात. जुन्या अकाउंटमधल्या क्रोममध्ये आज तुम्हा सगळ्यांचे पासवर्ड, मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब सगळं उघडं असेल. ते अकाउंट तुमचं झालं की बाकीच्यांना तिथून लॉगआउट करा, त्यांचे सेव्ह झालेले पासवर्ड काढा, आणि प्रत्येकाने आपापल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधलं लिंक्ड डिव्हाइसेस उघडून ही जुनी जोडणी तोडावी. उलट बाजूनेही हेच. मुलाच्या नव्या अकाउंटमध्ये 'तेवढ्यापुरतं' म्हणून तुमचं गूगल अकाउंट टाकून सिंक चालू केलंत तर तुमचे सगळे पासवर्ड भिंतीच्या पलीकडे गेले. हे मी इतक्या घरी पाहिलंय की आता अकाउंट लावून झालं की आधी हेच तपासते. आणि क्रोमच्या आतल्या वेगवेगळ्या प्रोफाइलवर भागवू नका, ती एका क्लिकवर बदलता येतात, मध्ये कुलूप नसतं.

स्लो होण्याचं. अकाउंट आहेत म्हणून कॉम्प्युटर स्लो होत नाही, थोडी डिस्क खातात एवढंच. स्लो होतो तो 'स्विच यूजर'मुळे. स्विच केलं की आधीच्याचे सगळे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात, त्याचा गेम, त्याचे वीस टॅब, सगळं रॅममध्ये. ८ जीबी रॅमवर दोन जणं असे मागे राहिले की तिसऱ्याला जाणवतं. तर घरात नियम ठेवा की उठताना साइन आउट, आणि पाच मिनिटांसाठी उठलात तर विंडोजचं बटण आणि एल, म्हणजे लॉक. बंद करताना 'अजून कोणीतरी हा पीसी वापरतंय' अशी सूचना आली तर तशीच पुढे दाबू नका, त्या माणसाला हाक मारा, त्याचं सेव्ह न केलेलं काम जाईल.

काही गोष्टी अकाउंट वेगळे करून होत नाहीत, तेही सांगायला हवं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला सगळ्यांच्या फोल्डरमध्ये जाता येतं, एकदा 'कंटिन्यू' दाबलं की झालं. त्यामुळे जोडीदारापासून काही खाजगी ठेवायचं असेल तर ही ती व्यवस्था नाही. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून ठेवणं, नसल्यास फायली सरळ वाचता येतात. एन्क्रिप्शन चालू असेल तर चांगलंच, पण मग त्याची रिकव्हरी की कोणाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा आहे ते आजच बघून ठेवा, सहसा ज्याने पहिल्यांदा कॉम्प्युटर सुरू केला त्याच्या. आणि ज्यावर तुम्ही ऑफिसचं काम करता तो कॉम्प्युटर कंपनीने दिलेला असेल तर वरचं काहीच करू नका, कंपनीच्या मशिनवर घरच्यांचं अकाउंट बनवणं हे तुम्ही स्वतः ठरवायचं नसतं, त्यांच्या आयटीवाल्यांना विचारा.

तुमच्या मिस्टरांकडे मॅक येणार आहे असंही लिहिलंय. तिथेही हेच, एक अ‍ॅडमिन आणि बाकी स्टँडर्ड, शिवाय पाहुण्यांसाठी गेस्ट यूजर आहे, त्यातलं सगळं लॉगआउट झालं की पुसलं जातं, हे पाहुण्याला आधी सांगा. कोणी विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत सिस्टम टाकायचं सुचवलं तर २१.०४ किंवा त्यापुढचं नव्याने टाका, त्याआधीच्यात एकाचं होम फोल्डर, म्हणजे त्याच्या सगळ्या फायलींचं फोल्डर, दुसऱ्याला वाचता यायचं, आणि जुन्यावरून अपग्रेड केलेल्यात जुन्या होम फोल्डरची परवानगी तशीच राहते.

शेवटचं, कारण ते सहा महिन्यांनी लागेल. कोणाचा पासवर्ड विसरला तर देखभालीच्या अकाउंटमधून लगेच बदलू नका, लोकल अकाउंटचा पासवर्ड असा बाहेरून बदलला की त्यात सेव्ह केलेले पासवर्ड जाऊ शकतात, आधी ते सुरक्षेचे तीन प्रश्न वापरून बघा. आणि कधी एखादं अकाउंट काढायचं झालं तर विंडोज 'डिलीट अकाउंट अँड डेटा' असं बटण देतं, त्यातला 'डेटा' म्हणजे त्या माणसाचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं, आणि ते रिसायकल बिनमध्ये जात नाही. ते बटण दाबायच्या आधी त्या अकाउंटमध्ये स्वतः लॉगिन करून एकेक फोल्डर उघडून बघा. वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये काही मिळालं का तेही कळवा, तिथे फायली दिसत असतील पण परत येत नसतील तर काय मेसेज येतोय तो जसाच्या तसा लिहा, मी बघते.